गोळ्या घेतल्या की लोह वाढतं, सोडल्या की पुन्हा तळाला. जातंय कुठे?

रानवाट:

वय ३६, वजन ५८ किलो, दोन मुलं, धाकटा सहा वर्षांचा. गेल्या चार वर्षांत माझं हिमोग्लोबिन तिसऱ्यांदा दहाच्या खाली आलंय. शेवटच्या वेळचं सांगते म्हणजे कल्पना येईल. सुरुवातीला ९.८ होतं. तीन महिने रोज एक गोळी, १०० मिलिग्रॅम लोह असलेली, एकही दिवस न चुकवता घेतली. ११.४ झालं. डॉक्टर म्हणाले, छान, आता बंद करा. आठ महिन्यांनी परत ९.९. या वेळी पहिल्यांदाच फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्त तपासणी) करायला सांगितलं, ते ७ आलं.

दर वेळी एकच ऐकते, ‘तुम्ही बायका स्वतःच्या खाण्याकडे लक्ष देत नाही.’ मी देते. मांसाहार करते, पालेभाज्या, कडधान्यं सगळं ताटात असतं. नवरा आणि मी एकाच भांड्यातलं जेवतो आणि त्याचं हिमोग्लोबिन १५.२ आहे. मग माझ्याच ताटात काय कमी पडतं?

जिना चढताना दुसऱ्या वळणावर कठडा धरून थांबावं लागतं. धाकटा वरून ओरडतो, ‘आई, मी बारापर्यंत मोजले, तू आलीच नाहीस.’ रात्री पाय हलवत राहिल्याशिवाय झोप लागत नाही. आणि एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. मुलं झोपली की मी फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे काढते. खडा तोंडात विरघळू द्यायचा धीर नसतो, दाढेखाली धरून फोडायचाच असतो. एक झाला की दुसरा. ट्रे संपला की पाणी भरून जागच्या जागी ठेवते, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. मागच्या महिन्यात डावीकडच्या दाढेचा टवका उडाला.

आता पुन्हा गोळ्या लिहून दिल्यात. घेईनच. पण मला कारण हवंय. कुणाला ते सापडलंय का, आणि कसं?

सांजवेळ:

पाळीत जास्त जातं का? तांबी बसवली आहे का? थायरॉइड तपासलंय? मधल्या काळात रक्तदान केलंत का? एका वेळच्या रक्तदानात दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह जातं.

रानवाट:

रक्तदान कधीच नाही, मला घेणारच नाहीत. थायरॉइड तीन वर्षांपूर्वी केलं होतं, ठीक होतं. पाळी अगदी नियमित, सात दिवस. जास्त जात नाही, आमच्याकडे आईचं, ताईचं सगळ्यांचं असंच आहे. पहिले तीन दिवस दर दीड तासाला पॅड बदलावा लागतो, रात्री दोन लावते. तांबी आहे, बसवून चार वर्षं झाली.

हिशेबनीस:

अगं रानवाट, ‘जास्त जात नाही’ आणि ‘दर दीड तासाला पॅड’ हे तू लागोपाठ लिहिलंयस. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, कारण अकरा वर्षं मीही प्रत्येक डॉक्टरांना हेच सांगत होते. पाळी कशी आहे विचारलं की ‘नॉर्मल’. ज्या घरात सगळ्याच बायकांच्या अंगावरून जास्त जातं, त्या घरात ‘जास्त’ म्हणजे किती हे कळायला मापच नसतं.

मी आता ४९ वर्षांची आहे. पोटापाण्यासाठी लोकांचे हिशेब लिहिते. शिल्लक कमी निघाली तर खात्यात थोडे पैसे टाकून आम्ही वही मिटत नाही. जमेची बाजू बघतो, नावेची बघतो, फरक सापडेपर्यंत उठत नाही. स्वतःच्या रक्ताच्या बाबतीत मात्र मी अकरा वर्षं नुसती भरच घालत राहिले, आणि त्या वर्षांची मला आजही चुटपुट आहे. म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे.

शरीराचा लोहाचा व्यवहार तसा छोटा असतो. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण तीन-चार ग्रॅम लोह, बाईच्या अंगात त्याहून थोडं कमीच. त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेलं. आतड्यातून रोज आत येतं ते एक-दोन मिलिग्रॅम, आणि कातडीच्या, आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर जातं ते साधारण एक. लोह मुद्दाम बाहेर टाकणारी व्यवस्था शरीरात नाहीच. त्यामुळे गरोदरपण सोडलं (त्यात हजारेक मिलिग्रॅम लागतं), तर लोह सतत घटतंय म्हणजे एक तर रक्त जातंय, नाही तर लोह पुरेसं आत येत नाहीये. किंवा दोन्ही.

तुझेच आकडे घेऊ. ५८ किलोच्या बाईच्या अंगात साधारण पावणेचार लिटर रक्त असतं. ११.४ वरून ९.९ म्हणजे दर डेसिलिटरमागे दीड ग्रॅम हिमोग्लोबिन गेलं, सगळं मिळून ५६ ग्रॅम. एका ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. आठ महिन्यांत १९० मिलिग्रॅम झालं, महिन्याला २४. तुझ्या पातळीला एका मिली रक्तात ०.३६ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असणार. म्हणजे जेवणातून जे भरून निघतं त्याच्याही वर, महिन्याला ६०-७० मिली रक्ताचा खड्डा पडतोय. साठ्यातलं गेलं ते वेगळंच. हा ढोबळ अंदाज आहे, निदान नव्हे. पण तू लिहितेस तसं खाणाऱ्या बाईला नुसत्या खाण्यापायी एवढा खड्डा पडणं कठीण. तेव्हा ते वाक्य मनावर घेऊ नकोस.

आता जमेची बाजू. ९० गोळ्यांतून ९००० मिलिग्रॅम लोह तुझ्या पोटात गेलं. हिमोग्लोबिन १.६ ने वाढलं, त्यात २०० मिलिग्रॅम लागलं. साठा इतका रिकामा असताना आतड्याने गोळीतला दहावा हिस्सा उचलला असं धरलं, तर ९०० यायला हवं होतं. तीन पाळ्यांमधून गेलेलं वजा केलं, थोडं साठ्यात गेलं असं मानलं, तरी मेळ बसत नाही. म्हणून मला तुझ्या दोन्ही बाजूंचा संशय येतो.

माझं कसं उघडकीला आलं ते सांगते. कुणीतरी सुचवलं म्हणून पॅडऐवजी कप वापरायला लागले. त्यावर मिलीच्या रेषा होत्या. मोरीच्या खिडकीत एक वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवली. दर वेळी कप उजेडात धरून रेषा वाचायची, आकडा लिहायचा, मग ओतायचं. सहा दिवसांची बेरीज २१० मिली आली. कपात येतं ते सगळं रक्त नसतं, आतल्या अस्तराचा द्रावही असतो. निम्मं धरलं तरी १०५. एका पाळीत ३०-४० मिली रक्त जाणं हे सर्वसाधारण, आणि ८० च्या वर म्हणजे अतिस्राव, असं पुस्तकांत माप आहे. अकरा वर्षं तोंडाने ‘नॉर्मल’ सांगितलं होतं. ती वही टेबलावर ठेवली तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली.

मोजायचं नसेल तर खुणा आहेत. तास-दोन तासांत पॅड भिजणं, अडीच सेंटीमीटरहून मोठ्या गाठी पडणं, रात्री बदलायला उठावं लागणं, दुहेरी पॅड, सात दिवसांवर जाणं. तुझ्या यातल्या दोन तर आत्ताच दिसतात.

सोनोग्राफी माझी आधी झालेली होती, ‘पिशवी नॉर्मल’. दुसऱ्या डॉक्टरांनी पिशवीत सलाइनचं पाणी सोडून ती पुन्हा केली, तेव्हा आतल्या पोकळीत डोकावणारी दोन सेंटीमीटरची फायब्रॉइडची गाठ दिसली. गाठ केवढी आहे यापेक्षा ती कुठे आहे याला महत्त्व असतं हे मला तेव्हा कळलं. बाहेरच्या अंगाला मोठी गाठ असूनही काही त्रास नसलेल्या बायका असतात, आणि अस्तरालगतची छोटीशी गाठ बाईला पार पिळून काढते. दुर्बिणीने ती काढली, पोटावर टाकाही नाही. पुढची पाळी कपात ६५ भरली. मी रडले होते.

आणि इथेच मी चुकले. कारण सापडलं म्हणून निश्चिंत झाले. फेरिटिन ९ वरून १४ झालं आणि नऊ महिने १४ वरच बसून राहिलं. गळती बंद, गोळ्या चालू, तरी शिल्लक हलेना. शेवटी सिलिअ‍ॅकची रक्त तपासणी सांगितली गेली, ती पॉझिटिव्ह आली, मग एंडोस्कोपीत आतड्याचा तुकडा घेऊन खात्री झाली. गहू, जव, राय यांतल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचं अस्तर झिजत होतं, आणि लोह नेमकं तिथेच शोषलं जातं. मला कधी जुलाब नाहीत, पोटदुखी नाही. लोह कमी होणं हे एकच लक्षण होतं. ग्लुटेन सोडून दोन वर्षं झाली, परवा फेरिटिन ५२ आलं.

म्हणून तुला कळकळीने सांगते, एक कारण सापडलं तरी शिल्लक वाढतेय का ते बघत राहा. ताळा जुळला नाही तर अजून काहीतरी आहे.

आता मला सांग, गोळी नेमकी कशाबरोबर आणि केव्हा घेत होतीस? अ‍ॅसिडिटीची गोळी चालू आहे का? लहानपणापासून कुठून रक्त येण्याचा काही त्रास?

रानवाट:

ताई, मी तुमचं उत्तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. बर्फाचंही त्याला काल सांगितलं.

लोहाच्या गोळीने पोटात आग पडायची, म्हणून दोन वर्षांपूर्वी पँटोप्रॅझोल सुरू झालं, ते रोज सकाळी घेते. लोहाची गोळी रात्री जेवणानंतर, कॅल्शियमच्या गोळीबरोबर, म्हणजे दोन्ही लक्षात राहतात. हे चूक आहे का?

रक्ताचं म्हणाल तर शाळेत असताना नाकातून खूप यायचं, अर्धा अर्धा तास. साधा धक्का लागला तरी अंगावर काळंनिळं होतं. आईची पिशवी चाळिशीत काढली, फार जायचं म्हणून. ताईने अक्कलदाढ काढली तेव्हा दोन दिवस रक्त थांबलं नव्हतं, पुन्हा जाऊन टाके घालावे लागले. आम्ही म्हणतो आमचं रक्त पातळ आहे.

काचपट्टी:

रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत १७ वर्षं काम करते. डॉक्टर नाही, पण शेवटचा परिच्छेद वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. नाकातून अर्धा तास रक्त, दाढ काढल्यावर दोन दिवस, आईची पिशवी, आणि पाळीत असं जाणं. हे सगळं एकाच घरात आहे. तुमच्या डॉक्टरांना ‘व्हॉन विलेब्रँड’ हा शब्द आवर्जून सांगा.

रक्त गोठताना बिंबिका (प्लेटलेट्स) जखमेवर चिकटाव्या लागतात, त्यांना चिकटवून ठेवणारं एक प्रथिन असतं. ते कमी असेल किंवा नीट काम करत नसेल तर हा आजार. तो घराण्यात चालतो. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रँड या डॉक्टरांनी १९२६ साली त्याबद्दल पहिल्यांदा लिहिलं. त्यांच्याकडे आलेली मुलगी ऑलंड बेटांवरची होती, तिच्या बऱ्याच भावंडांना हा त्रास होता. ती मुलगी तेराव्या वर्षी गेली, तिच्या चौथ्या पाळीत. ही हकिकत शिकताना ऐकली तेव्हापासून ‘आमच्याकडे सगळ्यांचंच असं असतं’ हे वाक्य मी हलक्यात घेत नाही. तुमच्यासारख्या बहुतेकींमध्ये तो सौम्य असतो, म्हणूनच वर्षानुवर्षं कळत नाही. आणि अशा बाईला तांबी बसवली की मुळात जास्त जाणारं आणखी वाढतं, कारण तांबीने पाळीतला स्राव वाढतोच. तुमचं चार वर्षांचं गणित मला तिथे जुळताना दिसतं.

चाचणीबद्दल एक नीट समजून घ्या. हे प्रथिन ताणात, तापात, गरोदरपणात आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांवर वाढतं. सुईच्या भीतीनेसुद्धा वाढू शकतं. त्यामुळे एकदा नॉर्मल आलं म्हणून विषय संपत नाही, संशय असेल तर परत करतात. ओ रक्तगटाच्या लोकांत ते मुळातच थोडं कमी असतं. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या साध्या पीटी, एपीटीटी या चाचण्या नॉर्मल आल्या तरी हा आजार असू शकतो.

फेरिटिनबद्दलही सांगते, कारण रिपोर्टवर छापलेल्या ‘नॉर्मल’ मर्यादेमुळे कित्येक बायका घरी पाठवल्या जातात. जागतिक आरोग्य संघटना १५ च्या खाली लोहाची कमतरता धरते, आणि अंगात संसर्ग किंवा सूज असेल तर हीच रेषा ७० वर नेते, कारण सूज आली की फेरिटिन फुगतं. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली अ‍ॅनिमिया असलेल्यांसाठी ४५ ची रेषा सुचवली. तुमचं ७ आहे, तिथे वाद नाही. पण पुढे ते २२-२५ झालं आणि कुणी ‘नॉर्मल’ म्हणालं तर खूश होऊ नका. ताप, सर्दी असताना रक्त देऊ नका. नुसतं सीरम आयर्न, म्हणजे त्या वेळी रक्तात फिरणारं लोह, बघून तर काहीच ठरवू नका, ते दिवसभरात वरखाली होतं आणि गोळी घेतल्यावर काही तास चढलेलं असतं.

काचपट्टीवर अशा रक्ताच्या पेशी मी रोज बघते. मधला फिकट भाग इतका पसरलेला असतो की पेशीची नुसती कड उरते, आणि अधूनमधून पेन्सिलीसारख्या लांबट पेशी दिसतात. पेशी लहान दिसल्या की सगळ्यांना लोहच देऊन टाकायचं ही सवय मात्र वाईट. थॅलसेमिया मायनर या आनुवंशिक दोषातही पेशी लहान असतात, पण फेरिटिन चांगलं असतं आणि गोळ्यांनी फरक पडत नाही. तुम्हाला फरक पडला होता, त्यामुळे तुमचं ते वाटत नाही.

उंबरठा:

मुलींनो, मी ६१ वर्षांची. पाळी जाऊन आठ वर्षं झाली होती तेव्हा माझं लोह असंच उतरलं. घरचे म्हणाले वयामुळे, मीही तेच समजले. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘पाळी नाही, मग रक्त जातंय कुठून?’ आणि वरून-खालून दोन्ही दुर्बिणी करायला लावल्या. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ होती. त्या बाजूला थेंब थेंब पाझरत राहतं, संडासात डोळ्यांना काही दिसत नाही. ऑपरेशन वेळेवर झालं. पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी असेल तर पोटाची तपासणी झाल्याशिवाय तिला सोडू नका, एवढंच सांगायला आले. लोहाच्या गोळीने शी काळी होते, त्यात खरं रक्तही झाकलं जातं, हेही लक्षात ठेवा.

हिशेबनीस:

काकू, बरं झालं लिहिलंत.

रानवाट, तू एका चक्रात सापडली आहेस. लोहाने पोटात आग, आगीवर पँटोप्रॅझोल, आणि पँटोप्रॅझोलने जठरातलं आम्ल कमी झालं की तेच लोह कमी शोषलं जातं. वर त्याच वेळी कॅल्शियम, तेही लोहाला अडवतं. यात तुझा काही दोष नाही, हे तुला कुणी सांगितलंच नाही. पण पँटोप्रॅझोल आपल्या मनाने एकदम सोडू नकोस, अ‍ॅसिडिटी उसळून येते. डॉक्टरांना विचार की ते अजून लागतंय का. कॅल्शियम दिवसाच्या दुसऱ्या टोकाला ने. चहा-कॉफीही गोळीच्या तासभर अलीकडे-पलीकडे नको.

आणखी एक विचार. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, ते लोहाचं दार ओढून घेतं. मोठी मात्रा पोटात गेली की ते वाढतं आणि साधारण दिवसभर चढलेलं राहतं, म्हणजे दुसऱ्या दिवशीची गोळी अर्धवट बंद दारावर जाऊन आपटते. ज्यूरिकच्या संशोधकांनी लोहाचा साठा रिकामा असलेल्या तरुण बायकांवर हे बघितलं, २०१५ आणि २०१७ मध्ये. दिवसाआड एक गोळी घेतली तर प्रत्येक गोळीतला जास्त हिस्सा आत जातो असं दिसलं. मळमळही कमी. मला हाच क्रम मानवला. पण तुझं हिमोग्लोबिन दहाच्या खाली आहे, तेव्हा रोज की दिवसाआड, की शिरेतून लोह द्यायचं, हे डॉक्टरांनीच ठरवावं.

मागच्या वेळी ११.४ वर गोळ्या थांबवल्या हे मला सर्वात जास्त खटकलं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमियाच. आणि ते नॉर्मल झाल्यावरही तीनेक महिने गोळ्या चालू ठेवतात, कोठार भरायला. हिमोग्लोबिन हे दुकानाच्या फळीवरचं सामान झालं, फेरिटिन कोठारातलं. फळी भरली आणि कोठार रिकामं, तर पुढच्या दोन-तीन पाळ्यांत फळीही रिकामी होणारच.

एका कागदावर सगळं लिहून घेऊन जा. पाळीच्या दिवसांचे आकडे, तांबी कधी बसवली, नाक, दाढ, आई, ताई, बर्फ आणि पाय (हेही लोह कमी झाल्यानेच होत असू शकतं), चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. तोंडाने सांगताना आपण ‘तसं काही विशेष नाही’ म्हणून मोकळ्या होतो. सिलिअ‍ॅकची चाचणी विचार, तिच्यासोबत एकूण आयजीए (रक्तातलं एक प्रतिपिंड) करतात, नाहीतर निकाल फसवा येऊ शकतो. त्याआधी गहू बंद करू नकोस, केलास तर खोटा निगेटिव्ह येईल. पोटातल्या एच. पायलोरी जंतूंबद्दलही विचार. आणि थायरॉइड तीन वर्षांपूर्वीचं जुनं झालं, पुन्हा कर.

रानवाट:

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, माफ करा.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी पूर्ण वाचला, मग तांबीची तारीख आणि हिमोग्लोबिनचे आकडे शेजारी शेजारी लिहिले. तांबी बसवायच्या आधीचं माझं हिमोग्लोबिन ११.८ होतं, ते मीच विसरले होते.

सोनोग्राफीत गाठ नाही. थायरॉइड ठीक. सिलिअ‍ॅक निगेटिव्ह, आयजीएही ठीक. एच. पायलोरीही नाही. व्हॉन विलेब्रँडची पातळी ४१ टक्के आली. डॉक्टर म्हणाल्या, ३० ते ५० च्या मधली पातळी आणि सोबत असा इतिहास म्हणजे तो आजार धरायचा, २०२१ च्या मार्गदर्शक सूचना तसंच सांगतात, पण एकदा परत करून घेऊ. ताईचीही चाचणी करणार आहोत. तिची मुलगी अकरा वर्षांची आहे, तिचंही विचारलंय.

तांबी काढून त्याजागी स्राव कमी करणारं संप्रेरकाचं साधन बसवायचं ठरतंय. तोवर पाळीच्या पहिल्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या. पहिल्याच पाळीत रात्री एकदाही उठावं लागलं नाही. पँटोप्रॅझोल हळूहळू कमी करत बंद केलं. लोह शिरेतून दिलं. आठव्या-नवव्या दिवशी लक्षात आलं की ट्रे दोन रात्री उघडलेलाच नाही. हिमोग्लोबिन काल १०.९.

एकच काम राहिलंय, ती फुटलेली दाढ. पुढच्या आठवड्यात दंतवैद्याकडे जाते, ते काढायलाच लागेल म्हणतात.

काचपट्टी:

थांबा, दाढ काढायच्या आधी दंतवैद्यांना ही ४१ ची पातळी आणि ताईच्या दाढेची हकिकत सांगा. तुमच्या रक्ताच्या डॉक्टरांचा आणि त्यांचा फोन होऊ द्या. आधी कुठलं औषध द्यायचं, ट्रॅनेक्झॅमिक किती दिवस चालू ठेवायचं, हे ते दोघे मिळून ठरवतील. दुखलं तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, त्याने बिंबिकांचं काम मंदावतं. कोणती गोळी चालेल ते आधीच लिहून घ्या. आणि हे निदान पक्कं झालं की एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा, ताईलाही ठेवायला सांगा.